जॉब गरम आहे

३ जून २०२४, सोमवार

वही थोरलीने दिली. मागच्या वर्षीची, निम्मी कोरी. म्हणाली, पप्पा, रोज काहीतरी लिहा, डोकं हलकं होतं. डोकं हलकंच आहे. छाती जड आहे.

परवा चाकण. साडेदहा वाजता.

४ जून

टीव्हीवर दिवसभर मतमोजणी. घरात, जिन्यात, टपरीवर एकच विषय. आज ‘काय, जमलं का कुठं?’ असं कोणी विचारलं नाही. बरं गेलं.

शर्टाला इस्त्री केली. दोनदा.

५ जून

नाही जमलं.

रात्री ११. झोप नाही, म्हणून लिहितो. काचेची खोली, एसी कडक. समोर तिघं. मधली एचआरची मुलगी, आमच्या थोरलीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ हे येणार माहीत होतं. पाठ होतं. नाव सांगितलं. पुढचं गेलं. पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसलो. सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली आणि ‘इन्स्पेक्शन’ हा शब्द दोन तुकड्यांत बाहेर आला.

तिने ग्लास पुढे सरकवला. मी हात उचलला तर काचेच्या टेबलावर पाच बोटं उमटलेली, ओली. तिघंही तिकडेच बघत होते. की मलाच तसं वाटलं.

आत गेलो १०.४५. बाहेर १०.५२. कळवतो म्हणाले.

हिला सांगितलं, बरी झाली.

६ जून

गुरुवार. भोसरीची सुट्टी. आज कॉलनीत सगळेच पुरुष घरी. बनियनवर गाड्या धुतात, मटण आणायला जातात. आजच्यापुरता मी त्यांच्यातला.

८ जून

टेबलावरची ती बोटं डोक्यातून जात नाहीत.

१९९८. अप्रेंटिस संपून कामाला लागलो तो पहिलाच आठवडा. ग्राइंडिंग झालेली पिन हातात घेऊन मापली, ट्रेमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पिनवर गंजाचे ठसे. अंगठ्याच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात इतके स्पष्ट. काहींच्या घामात मीठच जास्त असतं, आणि घासलेलं पोलाद ते एका रात्रीत सांगून टाकतं. फोरमन ओरडले नाहीत. लाल पेटीतून पिन उचलून माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘ही तुझी सही.’

तेव्हापासून खिशात हातरुमाल. जॉब धरायच्या आधी हात कोरडे, ठेवायच्या आधी तेलाचा हात.

माणसांच्या टेबलाला तेल कुठलं लावणार.

१० जून

ग्रॅच्युइटीचा हिशेब पुन्हा मांडला. शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. माझी वर्षंही २६. सव्वीसला सव्वीस गेले. राहिले पंधरा पगार.

घराचे हप्ते अजून एकतीस.

११ जून

दुपारी आईचा फोन. ‘कामावर हायस न्हवं?’ म्हटलं, हो, जेवणाची सुट्टी झालीय. गावाकडे कोणाला सांगितलेलं नाही. प्लँट दुसऱ्या राज्यात हलवला, मशिनं ट्रेलरवर चढताना आम्ही गेटबाहेर उभे राहून बघितली, हे तिला फोनवर कसं सांगायचं.

१३ जून

थोरलीने स्वयंपाकघरात मुलाखत घेतली. ओट्याला टेकून मोबाइल उभा केला, शूटिंग. मग मला दाखवलं. स्वतःला बघणं फार वाईट. शेवटी कागद घेतला, चेकशीट आखली. चार उभ्या, पाचवी आडवी.

‘म्हणजे’ — १९
खाली बघणं — ११
‘ॲक्च्युअली’ — ८
कॉलरला हात — ६
प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू — ५
हसणं, कारण नसताना — २

ही कणीक मळता मळता म्हणाली, ‘घरात तर एक म्हणजे पण ऐकू येत नाही.’

१५ जून

चेकशीट झाली, तर मूळही काढायला हवं. पाच वेळा ‘का’. कस्टमरची तक्रार आली की हेच करायचो.

का थांबलो? शब्द सापडला नाही.
शब्द का नाही सापडला? इंग्रजीत शोधत होतो.
इंग्रजीत का? त्यांनी इंग्रजीत विचारलं.
मग मराठीत सांगू का, असं का नाही विचारलं? धीर झाला नाही.
धीर का नाही झाला?

पाचवं सुटत नाही. खोटं लिहिण्यापेक्षा कोरं बरं.

१८ जून

थोरली मानसशास्त्र शिकते, दुसऱ्या वर्षाला. आज पुस्तकातला आलेख दाखवला. १९०८ साली अमेरिकेत यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले. चुकीच्या दारात गेला की उंदराला विजेचा झटका. काम सोपं असेल तर झटका जोराचा असला तरी उंदीर लवकर शिकतो. काम अवघड असेल तर बेताच्याच झटक्यात शिकतो. फार जोराचा बसला की गोंधळतो.

‘म्हणजे थोडी भीती लागतेच, पप्पा. एकदम शून्यावर आणायला जाऊ नका.’

बराच वेळ बघितलं. वरची हद्द, खालची हद्द. मी इतके दिवस नॉमिनल शून्य धरून चाललो होतो.

१९ जून

भोसरीत एका गाळ्यावर बोलावलं होतं. बारा माणसं, चार सीएनसी. मालक स्वतः, पायात स्लीपर, हाताला कूलंटचा वास. खुर्ची पुसून दिली. चहा आला. चाळीस मिनिटं बोललो, कुठे अडलो नाही. रिंगांच्या ओव्हॅलिटीवर वाद घातला. ते हसत होते. मग आकडा सांगितला, सतरा हजार.

विचार करून सांगतो म्हटलं. मी म्हटलं!

घरी येईपर्यंत खुशीत. मग लक्षात आलं, हात कोरडे होते, कारण ते काम मला नकोच होतं.

२१ जून

वटपौर्णिमा. ही वडाला जाऊन आली. म्हटलं, सात जन्म बिनकामाचा नवरा मागितलास की काय. हसली नाही. आंबा कापून दिला, कोय स्वतःला ठेवली.

२४ जून

तळेगावहून मेल. ९ जुलै, मंगळवार, सकाळी १०. ‘पॅनल आणि प्रॅक्टिकल.’ पगार लिहिलेला नाही, पण कंपनी मोठी. सीनियर इन्स्पेक्टर. तीनदा वाचला. चौथ्यांदा थोरलीला वाचायला लावला.

पोटात गोळा. पंधरा दिवस आधीच.

२६ जून

माळ्यावरून लाकडी पेटी काढली. मायक्रोमीटर, शून्य ते पंचवीस. फोरमन रिटायर होताना देऊन गेले होते. शेवाळी झालेलं मखमल, पण स्क्रू अजून लोण्यासारखा.

नव्या पोराला पहिल्यांदा हेच शिकवायचो. थिंबल आवळायचं नाही. मागचं रॅचेट फिरवायचं. टिक, टिक, टिक. तीन. मग वाचायचं. जास्त जोर लावला तर माप तुझ्या मनासारखं येईल, जॉबचं येणार नाही.

रात्री गॅलरीत बसून नुसतंच फिरवत होतो. धाकटा म्हणाला, पप्पा, पाल बोलतेय का?

२९ जून

तुकोबांची पालखी आज आकुर्डीत मुक्कामी. दुपारपासून भक्ती-शक्ती चौकात गर्दी. आमच्या कॉलनीचं केळीवाटप. मी डझन सोडवायच्या कामाला.

दिंड्या चालल्या होत्या. एकदम हाक आली, ‘आरं, तू हितं?’ गावचे तात्या. बुक्का, टाळ, खांद्याला पिशवी. मागे आणखी चार ओळखीची तोंडं. तात्यांनी केळं घेतलं, सोललं नाही. ‘शनवारचा हितं कसा? रजा काढलीस व्हय?’

माणसं पुढे सरकत होती. मागून धक्के. हातात केळीचा घड. मी लगेच बोललो नाही. मग म्हटलं, ‘कंपनी बंद झाली, तात्या. एप्रिलपास्नं घरीच हाय. दुसरं बघतोय.’

एवढंच. ‘म्हणजे’ एकदाही नाही.

तात्या म्हणाले, ‘माऊली हाय.’ केळं सोललं, अर्धं मला दिलं आणि रांगेत गेले.

रात्री टीव्हीवर वर्ल्ड कपची फायनल. बाहेर कुठून तरी भजन. शेवटच्या ओव्हरला सोळा हव्या होत्या. पोरं खुर्चीवर उभी. मी गॅलरीत. टाळ्या ऐकून कळलं, जिंकलो.

३० जून

गावात बातमी पोचायच्या आत आपणच सांगावं, म्हणून सकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, ‘मला ठावं हाय. दुपारचा फोन उचलाय लागलास तवाच वळखलं. सव्वीस वर्सात दुपारी कदी उचलला न्हाईस.’

शॉपमध्ये मोबाइल नेऊ देत नव्हते. फोन लॉकरमध्ये. आणि मी तिला जेवणाची सुट्टी सांगत होतो.

पाचवा का. लिहितो. सव्वीस वर्षं मला कोणी माझ्याबद्दल काही विचारलंच नाही. विचारायचे ते जॉबबद्दल. ओके का रिजेक्ट, एवढंच.

२ जुलै

थोरलीने वेग बदलला. आता मुद्दाम टोचून विचारते. ‘वय जास्त नाही वाटत?’ ‘आधीच्या कंपनीने तुम्हालाच का नाही तिकडे नेलं?’ ‘हे तर आमचा शिकाऊ पोरगाही करतो.’ कुठून शिकली कोण जाणे. तिसऱ्या प्रश्नाला मला खरोखर राग आला, आणि ती घाबरली.

ठरवलं. प्रश्न संपला की मनात तीन टिक. तोवर तोंड मिटलेलं. श्वास सोडायचा, घ्यायचा नाही. घ्यायला सांगतात सगळे, पण घेतला की खांदे वर चढतात. सोडला की उतरतात. मोबाइलवर बघून खात्री केली.

नवी चेकशीट: ‘म्हणजे’ ७. खाली बघणं ४. उत्तराची घाई १.

५ जुलै

काल भोसरीच्या मालकांचा फोन. काय ठरलं? म्हटलं, दहा तारखेपर्यंत थांबाल का. थांबतो म्हणाले. भला माणूस. आता दोन्ही हुकले तर, हा नवा किडा.

६ जुलै

३.२० ला जाग. छत.

८ जुलै

फाइल लावली. आयटीआय, अप्रेंटिस, अनुभवाचा दाखला, फोटो. हातरुमाल दोन. धाकट्याने विचारलं, दोन कशाला? ही त्याच्यावर खेकसली.

मायक्रोमीटर न्यायचा नाही. तिथे त्यांचा असेल.

९ जुलै

पाऊस, म्हणून गाडी काढली नाही. आकुर्डीहून लोकल. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव. कोणाशी बोललो नाही. पुढे कंपनीपर्यंत शेअर रिक्षा.

रिसेप्शनला चार पोरं, सगळी पंचविशीच्या आतली. एकाचा गुडघा सारखा हलत होता. मी टॉयलेटमध्ये जाऊन गार पाण्याखाली मनगटं धरली. पुसली. पहिला रुमाल संपला.

आत तिघं. प्लँट हेड, केस पांढरे. क्वालिटीच्या मॅडम. प्रॉडक्शनचे साहेब, हातात वॉकीटॉकी, तो मधूनच खरखरे.

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’

टिक. टिक. टिक.

‘मराठीत सांगितलं तर चालेल?’

मॅडम म्हणाल्या, ‘सांगा की.’ कोल्हापूरकडच्या असाव्यात. तो ‘की’ ऐकला आणि जीभ सुटली.

मग प्रॉडक्शनचे साहेब. ‘आमच्याकडे सगळे तिशीच्या आत. तुम्ही सत्तेचाळीस. झेपेल?’ थोरलीने हेच विचारलं होतं, याहून वाईट सुरात. म्हटलं, पळायचं काम असेल तर नाही झेपणार. थांबायचं असेल तर झेपेल. प्लँट हेडनी मान वर केली.

मॅडम : ‘सीपीके एक पूर्णांक एक आलाय. कस्टमर एक पूर्णांक तेहेतीस मागतो. ऑडिट उद्या. काय कराल?’ म्हटलं, माल अडवीन, शंभर टक्के तपासून चांगला वेगळा काढीन, आणि आजच कस्टमरला कळवीन. ‘वरून सांगितलं, आकडा नीट करून द्या?’ म्हटलं, खाली सही माझी असते. पिन आठवली.

मग प्रॅक्टिकल. मेट्रॉलॉजी रूममध्ये गेलो. भिंतीवर तापमान २०. साहेबांनी वॉकीटॉकीवर काही सांगितलं, एक पोरगा ट्रेमध्ये शाफ्ट घेऊन आला. चाळीस व्यास, एच सिक्स. वर शून्य, खाली सोळा मायक्रॉन. ‘मापा. दोन मिनिटं.’ साहेबांनी घड्याळ बघितलं.

दुसरा रुमाल काढला. हात पुसले. मायक्रोमीटरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर बघितला, मास्टरवर झीरो बघितला. मग शाफ्ट उचलला.

कोमट. वॉशिंग मशीनमधून नुकताच निघालेला. चाळीस पूर्णांक शून्य शून्य चार दाखवला. चार मायक्रॉन वर. रिजेक्ट.

तिघं बघत होते. साहेब म्हणाले, ‘काय? ओके का रिजेक्ट?’

छातीत धडधड होतीच. गेली नव्हती. कानात ऐकू येत होती. टिक. टिक. टिक.

‘जॉब गरम आहे, सर. निवू द्या. मग सांगतो.’

‘शिफ्ट चालू असताना तेवढा वेळ नसतो.’

‘नसतो. पण आत्ता रिजेक्ट म्हटलं तर चांगला जॉब लाल पेटीत जाईल.’ हाताला कोमट लागतो म्हणजे पस्तिसाच्या पुढे. खोली वीस. पोलाद एका अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. चाळीसला पंधरा अंशांत सात. कागदावर मांडून दाखवलं. लाइनवर थांबता येत नसेल तर बाजूला तितकाच तापलेला मास्टर ठेवायचा, त्याच्याशी ताडून बघायचं.

साहेब काही बोलले नाहीत. शाफ्ट सरफेस प्लेटवर ठेवला. त्याच्या शेजारी मी उभा. मॅडम इकडचं तिकडचं विचारत राहिल्या. गाव कुठलं, मुलं काय करतात. मी सांगत होतो आणि डोळे शाफ्टवर. पाऊण तासाने उचलला. गार. एकोणचाळीस पूर्णांक नऊशे अठ्ठ्याण्णव. म्हटलं, अजून एखाद मायक्रॉन उतरेल. ओके.

ट्रेमध्ये परत ठेवायच्या आधी तेलाची बाटली मागितली. बोटं लागली होती तिथे तेल फिरवलं. साहेबांनी विचारलं, हे कशाला? म्हटलं, माझे हात घामट आहेत.

उगीच सांगितलं का?

१० जुलै

भोसरीच्या मालकांना अजून आठ दिवस मागितले. ‘घ्या,’ म्हणाले, ‘पण मग मला पण घाई नाही समजा.’

काल एकदाही ‘थँक्यू सर’ म्हटलं नाही, रात्री आठवलं.

१३ जुलै

काही नाही.

१५ जुलै

काही नाही. नवी चेकशीट करावीशी वाटली नाही. पाचवीच्या स्कॉलरशिपसाठी धाकट्याला अपूर्णांक शिकवले. घाईघाईने छेद उलटा करतो. पेन्सिल काढून घेतली, म्हटलं आधी प्रश्न वाचून दाखव.

१७ जुलै

आषाढी. घरात सगळ्यांना उपास, धाकट्याने दहा वाजता मोडला. टीव्हीवर चंद्रभागा. तात्या त्या गर्दीत कुठे तरी असतील. आईचा फोन आला, दुपारी. उचलला. साबुदाणा भिजला का, एवढंच बोललो.

पाच वाजता अनोळखी नंबर. ०२११४. तळेगावचा कोड. ही कढईजवळ, थोरली दारात. दोघींनी माझ्याकडे बघितलं. थोरली कुजबुजली, उचला ना!

हात पुसला. तीन रिंग होऊ दिल्या.

२१ जुलै

भोसरीत जाऊन आलो. फोनवर सांगणं बरोबर नव्हतं. मालकांनी पुन्हा खुर्ची पुसली, पुन्हा चहा. रिंगांची ओव्हॅलिटी कमी झालीय म्हणाले. जॉची पकड जरा सैल करून बघितली होती, मी म्हटलं होतं तशी.

सेफ्टी शूज, आठ नंबर. डावा लागतो.

२२ जुलै

५.४० ची लोकल. ही विचारते, डब्याला भेंडी चालेल ना. आईला सांगितलंय, दुपारी फोन करू नको.

हातरुमाल दोन घेतले आहेत.